त्यो वळू माझा नवरा हाय!

“आठ जिल्ह्यांत दबदबा, चार भाषांत जबाब, एका नजरेत उकल: संशयमार्तंड दिग्विजय!” हे आमच्या साहेबांनी स्वतःबद्दल स्वतःच लिहिलंय आणि विश्रामबागेतल्या ऑफिसच्या दारावर लावलंय. मी रेश्मा, त्यांची सहाय्यक. आजवर त्यांनी शोधून काढलेली एकमेव वस्तू म्हणजे स्वतःची स्कूटर, तीही मीच दाखवली.

त्या सकाळी जवळच्या हॉस्पिटलातून नाथाजींचा फोन आला. नाथाजी साहेबांच्याच गावचे, कडेगावचे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांची कॅन्सरची गाठ काढली होती. आता पुण्याच्या लॅबमधून लसीचा डोस यायचा होता आणि तो वाटेतच गायब झाला होता. ड्रायव्हरचा फोन बंद.

आम्ही हॉस्पिटलात पोचल्यावर डॉक्टर अपेक्षाबाईंनी नीट समजावलं. “डोसात नाथाजींच्याच रक्तापासून बनवलेल्या डेंड्रिटिक पेशी आहेत. ही पेशी स्वतः मारामारी करत नाही. गुन्हेगाराचा तुकडा उचलून शिपाई पेशींना नेऊन दाखवते, असला दिसला की सोडू नका म्हणून. आम्ही तिला गाठीचा तुकडा देऊन शिकवलंय. तो तुकडा आता संपला. हा डोस गेला तर दुसरा बनणार नाही.”

नाथाजींच्या मंडळी, अंबूबाई, उशाशी बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

साहेबांनी मिशीला पीळ दिला. “म्हणजे ही पेशी माझ्याच धंद्यातली!”

झालं, सुटले. डोसाच्या कागदावर ‘डी.सी.’ दिसलं, तर म्हणे डेप्युटी कलेक्टरचा हात. मी म्हटलं, ते ‘डेंड्रिटिक सेल’चं, म्हणजे याच पेशींचं, लघुरूप आहे. मग संशयाची गाडी विट्याकडे वळली. विट्याची माणसं देशभर सोनं गाळतात, ती पेशीसुद्धा गाळू शकतात! शेवटी बोट थेट पेशंटवर.

“पेशी कुणाच्या? याच्याच! म्हणजे चोर आणि मालक एकच. अटक करा!”

“सलाइन काढू का ठेवू?” नाथाजींनी थकून विचारलं.

असल्या माणसाचा पगार मी घेते, याची त्या दिवशी मला खरोखर लाज वाटली.

“डॉक्टरबाई, डोस येनार हुता कशातनं?” अंबूबाईंनी विचारलं. दिवसातला पहिला शहाणा प्रश्न. डॉक्टरबाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. पोट सुटलेला अॅल्युमिनियमचा कॅन, आत गोठवणारा नायट्रोजन, वर ठळक अक्षरांत पेशंटचं नाव नि गाव.

“आवं, ह्यो तर गुरांच्या डॉक्टरचा कॅन!”

आमच्याकडे असल्या कॅनचा अर्थ एकच. गाई-म्हशी भरवायला वळूचं गोठवलेलं बीज त्यातून येतं. त्यालाही डोसच म्हणतात. अंबूबाईंनी कडेगावच्या गुरांच्या डॉक्टरला, भाऊसोला, फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“व्हय वैनी, सकाळीच आलाय. ड्रायव्हर चौकात इचारत हुता, डोसाचा कॅन डॉक्टरला द्याचाय, डॉक्टर कुटं हाय. समद्यांनी माज्याकडं धाडला. वर ‘नाथाजी, कडेगाव’ लिव्हलंय. म्हटलं, नवा वळू असंल.”

“उघडलास का रं?”

“आता उघडतूय. आप्पासोची गाय दारात हुबी हाय.”

“भाऊसो!” अख्खा वॉर्ड दचकला. “हात लावशील तर बघ! त्यो वळू माझा नवरा हाय!”

दुपारी भाऊसो स्वतः गाडीतून कॅन मांडीत धरून आला, मान खाली घालून. डॉक्टरबाईंनी तापमान तपासलं, झाकणाचं सील बघितलं आणि हसल्या. सगळं शाबूत होतं.

“शेवटी माझ्याच दबावापुढे गुन्हेगार नमला,” साहेब नर्सला सांगत होते.

अंबूबाई वळल्या. “सायेब, ती पेशी चोराचा तुकडा तरी आनून दावती. तुमी निस्तं त्वांड दावता.”

साहेबांना अचानक दुसरी केस आठवली.

इंजेक्शन झालं. “गुण येईल न्हवं?” नाथाजींनी विचारलं.

“खात्री नाही देत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण आता शिपायांना चोराचा चेहरा कळेल.”

अंबूबाई नवऱ्याचा हात धरून बसल्या. डोळे वाहत होते, पुसायचं भान नव्हतं. नाथाजी हळूच म्हणाले, “अंबे, भाऊसो ‘नवा वळू’ म्हणला न्हवं? जुना तर न्हाई म्हणला.”