वाळत घातलेला पियानो

"रविवारपर्यंत बोलला तर ठीक, न्हायतर देऊन टाका," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्याच्यापायी कॉट आडवी लावायला लागतीया." बोलताना त्यांनी पियानोकडे पाहिलं नाही. त्यावरूनच त्यांच्या नातीला, धम्मप्रियाला, खरं काय ते कळलं.

चांगुणाबाईंनी एका शाळेत अठ्ठावीस वर्षं शिपाई म्हणून काम केलं होतं. हा छोटा, उभा पियानो रोज सकाळी पुसायचा, हे त्यातलं एक काम. वाजवायची परवानगी नव्हती. पुसताना वाजला तर चालायचं. निवृत्त होताना त्यांनी तो मागून घेतला. पण मे महिन्यात घराच्या पत्र्याखाली त्याचं लाकूड सुकलं, खुंट्या ढिल्या झाल्या आणि तारा उतरल्या.

आजोबा रावसाहेब अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. माग बिघडला की त्यांनाच हाक मारायचे. पियानोची पुढची फळी काढून त्यांनी आत डोकावलं आणि समाधानाने मान हलवली.

"ह्यो तर मागच हाय की. हवा सुकली की सूत तुटतं, म्हणून शेडमधी आमी पाणी मारतो."

"आबा, पाणी मारू नका हं."

"मारत न्हाय. ओली चादर टाकतो."

सकाळी खुंट्या घट्ट बसल्या होत्या. पट्ट्याही. पंच्याऐंशीपैकी एकसष्ट पट्ट्या दाबल्यावर वरच येईनात. धम्मप्रियाकडे भौतिकशास्त्राची पदवी होती, त्यामुळे असं का झालं ते तिला नीट सांगता आलं. उपयोग काही झाला नाही.

मग क्रमांक घालून सगळ्या पट्ट्या अंगणात, कॉटवर, सावलीला मांडल्या. शेजारच्या दगडाबाईंनी भिंतीवरून विचारलं, "काय वाळत घातलंय?"

"पियानो."

"बरं. कावळ्यावर ध्यान ठेवा."

वाळलेल्या पट्ट्या पुन्हा बसवल्या, तर त्या खडखडू लागल्या. खालची लोकर कसरीने खाल्ली होती. रावसाहेबांनी कारखान्यातून टॉवेलचे तुकडे आणले आणि मापात कापून घातले. खडखड थांबली.

शनिवारभर धम्मप्रिया फोन धरून एकेक पट्टी वाजवत होती. फोन सुराचं नाव दाखवायचा, रावसाहेब घासून बारीक केलेल्या पान्याने खुंटी पिळायचे. संध्याकाळपर्यंत सगळ्या सुरांना हिरवा दिवा मिळाला.

रविवारी दोघांनी चांगुणाबाईंना स्टुलावर बसवलं. त्या उठल्या, कमरेचं फडकं काढलं आणि डावीकडून पट्ट्या पुसत निघाल्या. सूर एकामागून एक चढत गेले. मध्याच्या जरा पुढे हात थांबला.

"हितं एकच पायरी दोनदा आली."

"नाही आजी, फोनने सगळे बरोबर दाखवलेत."

"फोननं किती वर्सं पुसलाय?"

धम्मप्रियाने तपासलं. त्या पट्टीच्या तारा इतक्या उतरल्या होत्या की फोनने त्यांना खालच्याच सुराच्या समजलं, आणि धम्मप्रियानेही त्या मोठ्या काळजीने त्याच सुराला लावून घेतल्या होत्या. रावसाहेबांनी पाना लावला.

"वर घ्या. आनी जरा. बास," चांगुणाबाई पट्टी दाबत म्हणाल्या.

धम्मप्रियाने खात्रीसाठी फोन धरला. दिवा हिरवा.

"आता बस आन् वाजव की," रावसाहेब म्हणाले.

"मला कुटं वाजवाय येतंय." चांगुणाबाईंनी फडकं झटकलं. "कॉट आडवीच ऱ्हाऊ द्या."

पियानोवर धूळ नव्हती. तरी त्यांनी तो पुन्हा पुसला, या वेळी उजवीकडून, सावकाश.