तारमास्तरांची वाकडी रेघ

"माझा परिचय एका वाक्यात करून देणं हा माझ्यावर अन्यायच आहे," भावोजी म्हणाले, "तरी तू लिही. सूक्ष्म निरीक्षण, अभेद्य तर्क, पोलादी मज्जातंतू. इतरांची नजर संपते तिथून माझी सुरू होते. माझं नाव ऐकून गुन्हेगार गाव सोडतात."

मी लिहिलं. त्यांच्यामुळे गाव सोडलेला एकच इसम माझ्या माहितीत आहे, तो म्हणजे त्यांचा शेजारी, आणि तोही कंटाळून.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. विमा कंपनीतून ते लवकर निवृत्त झाले. कंपनीनेच तशी विनंती केली होती. मग त्यांनी घराच्या गॅलरीला काचा लावून घेतल्या, आत एक फिरती खुर्ची ठेवली आणि बाहेर 'खासगी गुप्तहेर' अशी पाटी ठोकली. ठोकताना अंगठाही ठोकला. मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. लोकांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, भावोजींच्या मी हौस म्हणून शोधते. त्या आठवड्यात छपाईचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं म्हणून मी घरी होते, आणि ताईने गळ घातली होती, "तू त्यांच्याबरोबर जात जा गं. एकटे गेले की मार खाऊन येतात."

तर सोमवारी सकाळी गॅलरीत एक म्हातारे गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांना अख्खी गल्ली तारमास्तर म्हणते. उभी हयात तार कचेरीत गेली. तारा बंद पडल्या, पण यांचा हात काही थांबेना, म्हणून परवाना काढून घरी दूरवरच्यांशी बोलता येणारा हौशी रेडिओ बसवला.

"माझ्या रेडिओचा सूर सरकतोय," ते म्हणाले. "आज आठ दिवस झाले."

"चोरी!" भावोजी म्हणाले.

"रेडिओ जागेवरच आहे हो. सूर सरकतोय."

"म्हणजे सुराची चोरी. लिही गं."

तारमास्तरांनी माझ्याकडे बघून एक दीर्घ श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. समुद्रापलीकडे एका बेटावर त्यांचा मित्र आहे. हवामानखात्यात होता. त्याचं खरं नाव जिभेवर बसत नाही, म्हणून तारमास्तर त्याला बेटकर म्हणतात. मराठी मात्र त्याला तारमास्तरांनीच शिकवलं. बावीस वर्षं रोज सकाळी अकराला दोघं रेडिओवर बोलतात. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. आधी तारेसारखं टकटक करून चालायचं, मग बेटकरांचा हात थरथरायला लागला. तोंडाने बोलावं तर त्यांचे कान गेले. म्हणून आता मोठ्या कीबोर्डवर टाइप करायचं. रेडिओ त्या अक्षरांच्या शिट्ट्या करून पाठवतो आणि पलीकडचा रेडिओ शिट्ट्यांची पुन्हा अक्षरं करतो.

"शिट्टी सुरात असली तर पडद्यावर तिची सरळ रेघ उमटते," तारमास्तर म्हणाले. "सूर सरकला की रेघ वाकते, आणि अक्षरांचा नुसता चुरा होतो. बेटकर बुधवारी साडेअकराला घर सोडतोय. त्याची भाची त्याला वृद्धाश्रमात नेतेय, आणि तिथे एरियल लावू देत नाहीत. एवढं सूर सरकायच्या आधी कळलं होतं. नंतर त्याने नवा पत्ता तीनदा पाठवला, तिन्ही वेळा चुरा. बुधवारची सकाळ हुकली तर तो मला सापडायचा नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी पेनाच्या टोपणाकडे बघत म्हटलं. मला काहीतरी म्हणायचं होतं. पण भावोजी खुर्चीसकट गर्रकन फिरले, भिंतीकडे तोंड करून थांबले, आणि तिथूनच म्हणाले, "केस मी घेतली."

अकराच्या आत आम्ही त्यांच्या घरी पोचलो. दुमजली इमारत. खाली तारमास्तर, मुलगा आणि सून, वर दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना. मुलगा कामावर गेला होता. दार सूनबाईंनी उघडलं. त्या शाळेत गणित शिकवतात आणि समोरच्याकडे उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघावं तसं बघतात. भावोजींकडे त्यांनी पहिल्यापासूनच तसं बघितलं.

रेडिओची खोली चिंचोळी आणि तापलेली. टेबलावर झाकण काढून ठेवलेला रेडिओ, लॅपटॉप, टेबलाखाली जाडजूड बॅटरी. विजेचा काही भरवसा नाही म्हणून तारमास्तर दोन्ही बॅटरीवर चालवतात. कोपऱ्यात उभा पंखा मान डोलवत होता.

अकरा वाजता पडद्यावर एक फिकट रेघ वरून खाली सरकू लागली. "हा बेटकर," तारमास्तर म्हणाले, आणि शर्ट खाली ओढून सरळ बसले. पण रेघ डावीकडे झुकली, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे. खाली अक्षरं उमटली: खग ७ ज्ञ ७ ढ.

"सांकेतिक लिपी!" भावोजी पडद्यावर नाक टेकवत म्हणाले. "'ज्ञ' म्हणजे ज्ञानी. तो इशारा माझ्याकडे आहे. 'ढ' म्हणजे..." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दोन्ही एकाच माणसाबद्दल असू शकतं," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही. त्यांचं चालूच होतं. "मास्तर, मन घट्ट करा. तुमचा बेटकर हा बेटकर नाहीच. त्याला डांबून ठेवून त्याच्या जागी कुणी तोतया बसलाय. आणि ही नागमोडी रेघ म्हणजे टोळीची सही. नागटोळी!"

"डांबायला त्याच्याकडे आहे काय?" तारमास्तर म्हणाले. "दोन स्वेटर आणि एक पर्जन्यमापक."

मी पडद्याकडे बघत होते. बेटकरांच्या रेघेशेजारी आणखी चार-पाच अनोळखी लोकांच्या रेघा होत्या, आणि त्या सगळ्या एकदमच डावीकडे जात होत्या, एकदमच उजवीकडे. छापखान्यात एक ओळ तिरकी आली तर जुळणी चुकलेली असते. अख्खं पान तिरकं आलं तर कागद तिरका लागलेला असतो. मी तसं म्हटलं. "सगळ्याच रेघा सारख्या वाकतायत भावोजी. एवढे लोक एकदम कसे डोलतील? खोट आपल्याच बाजूला असणार."

तारमास्तरांनी चष्मा वर केला. "बरोबर बोलतेय ही. मी बेटकरावरून नजर काढलीच नाही. खोट या खोलीतच आहे."

"मी हेच म्हणणार होतो," भावोजी म्हणाले. "म्हणजे गुन्हेगार घरातलाच!" आणि ते सूनबाईंकडे वळले. "मास्तरांच्या या छंदामुळे घरात अडचण होते ना? एरियलमुळे कपडे वाळत घालायला जागा उरत नाही ना? आठ दिवसांपूर्वी आपण या खोलीत काय केलंत?"

सूनबाईंनी दारामागची केरसुणी उचलली.

"केर काढला," सूनबाई म्हणाल्या. "तो आजही काढायचाय. पाय उचला."

त्यांचा आवाज सपाट होता, पण कान लाल झाले होते. तारमास्तर उठून उभे राहिले. "साहेब, माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतर दोन महिने माझे निरोप हिने टाइप केलेत. पुन्हा असं बोललात तर दार तिकडे आहे."

परतीच्या वाटेत मी भावोजींना काय काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. छापताना मलाच खोडावं लागेल. त्यांच्यावर परिणाम शून्य. "भावनेच्या भरात माणूस पुरावा विसरतो," ते म्हणाले. मंगळवार त्यांनी गॅलरीत येरझाऱ्या घालण्यात घालवला आणि रात्रीच्या जेवणाला नवा सिद्धान्त घेऊन आले. वर दाताचा डॉक्टर. त्याचं दात कोरायचं यंत्र. त्या यंत्राची गुणगुण भिंतीतून उतरते आणि सुराला धक्का मारते.

"खोट खोलीतच आहे असं ठरलं होतं ना?" मी विचारलं.

"खोलीला छत असतं," भावोजी म्हणाले, "आणि छतावर डॉक्टर असतो."

ताईने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. तोंड भरलेलं असलं की ते बोलू शकत नाहीत.

बुधवारी पावणेअकराला आम्ही पुन्हा त्या दारात. सूनबाईंनी शाळेतून अर्धी रजा काढली होती. त्यांनी मला आत घेतलं आणि दार भावोजींच्या तोंडावर लावायला घेतलं, तेव्हा भावोजी म्हणाले, "मी बाहेरूनच काम करणार आहे," आणि जिन्याखाली अंतर्धान पावले.

अकरा वाजले. रेघ उमटली आणि लगेच डोलायला लागली. तारमास्तर एका हाताने बटण फिरवून तिच्या मागे धावत होते. ती डावीकडे की हेही डावीकडे, तोवर ती उजवीकडे. मानेवरून घाम ओघळत होता. 'पुन्हा पाठव' असं त्यांनी चारदा टाइप केलं. चारही वेळा उत्तर आलं ते चुराच.

"बाबा, जरा पाणी घ्या," सूनबाई म्हणाल्या.

"तो साडेअकराला निघणार आहे गं," तारमास्तर म्हणाले.

तेवढ्यात खट् असा आवाज झाला आणि दिवा गेला. पडदा मात्र चालूच होता. आणि त्या पडद्यावरची बेटकरांची रेघ दोन झोके खाऊन हळूहळू सरळ झाली, फूटपट्टीने ओढावी तशी. शेजारच्या सगळ्या रेघाही सरळ. खाली अख्खा शब्द उमटला: 'ऐकतोयस का'.

"आला!" तारमास्तर ओरडले.

भावोजी धडधडत आत आले, हातात चिनी मातीचा फ्यूज, नाकावर जळमट. "डॉक्टरचा फ्यूज काढला! यंत्र बंद, रेघ सरळ! दवाखाना वर, म्हणून सगळ्यात वरचा फ्यूज त्याचा. तर्क, तर्क म्हणतात तो हा!"

वरून गुर्रर्र असा कोरण्याचा आवाज आला. सगळ्यांनी छताकडे पाहिलं. थोड्या वेळाने आवाज थांबला आणि दाताचे डॉक्टर हातमोज्यांसकट दारात आले. त्यांच्यामागे गळ्याला रुमाल बांधलेला, तोंड उघडं ठेवलेला एक पेशंट.

"खाली दिवे गेले का?" डॉक्टर म्हणाले. "आमचे आहेत. कुणीतरी मीटरच्या पेटीत खुडबुड करतंय असं हे म्हणतायत."

"आँ," पेशंटने दुजोरा दिला.

"म्हणजे तुम्ही आमचाच फ्यूज काढलात," सूनबाई भावोजींना म्हणाल्या. मग त्या थांबल्या. फळ्यावरचं गणित अर्ध्यावर सुटताना दिसावं तसा त्यांचा चेहरा झाला. "डॉक्टरांचं यंत्र चालू, तरी रेघ सरळ. रेडिओ बॅटरीवर, लॅपटॉप बॅटरीवर. मग या खोलीत बंद काय पडलं?"

आम्ही सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. पंखा मान वळवता वळवता अर्ध्यात थांबला होता.

"बाबा, हा पंखा मी कधी आणला इथे?"

"मागच्या आठवड्यात, सोमवारी," तारमास्तर म्हणाले आणि कपाळावर हात मारला. "त्याच दिवशी मी धूळ काढायला झाकण काढलं, आणि एक स्क्रू कपाटाखाली गेला म्हणून परत लावलं नाही. आत सूर धरणारा इवलासा स्फटिक असतो. गार झाला की सूर एकीकडे, तापला की दुसरीकडे. पंखा इकडे वळला की तो गारठतो, तिकडे वळला की तापतो. चाळीस वर्षं तारा दुरुस्त केल्या, आणि मी दहा दिवस वाऱ्याशी भांडत बसलो."

"तुम्हाला घाम येतो म्हणून आणला होता मी," सूनबाई हळूच म्हणाल्या.

"म्हणजे मी सोमवारीच सांगितलं होतं," भावोजी छाती फुगवून म्हणाले, "की हे सूनबाईंनी—"

"भावोजी," मी म्हटलं, "गप्प बसा."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून अठरा मिनिटं. तारमास्तर टाइप करत होते, पण पंख्याविना खोलीची भट्टी झाली होती आणि त्यांची बोटं घामाने कीबोर्डवर घसरत होती. सूनबाईंनी रद्दीतून एक वर्तमानपत्र काढलं, त्याची घडी घातली आणि भावोजींच्या हातात दिली.

"इथे उभे राहा. वारा बाबांच्या मानेला लागला पाहिजे. रेडिओकडे झुळूकसुद्धा गेली तर बघा."

"मी? मी तपास अधिकारी—"

"सरळ रेषेत," सूनबाई म्हणाल्या. "वर-खाली. आडवं नाही."

भावोजी वारा घालू लागले. मी वहीचं पान उलटलं आणि पडद्यावरचा पत्ता उतरवून घेतला. इमारतीचं नाव, रस्ता, तिसरा मजला, खोली सतरा. तारमास्तरांनी तो परत पाठवून दोनदा तपासून घेतला. मग बेटकर लिहू लागले. एकेक अक्षर थांबून थांबून येत होतं.

'माझा हात चालत नाही. तू पत्रं लिही. मी वाचीन.'

'लिहीन. दर आठवड्याला.'

'आज तुझा सूर फार सरळ. काय केलंस?'

तारमास्तरांनी मागे वळून पाहिलं. भावोजींच्या कपाळावरून घाम गळत होता, पण कागद वर-खाली, वर-खाली, अगदी तालात. तारमास्तरांनी टाइप केलं, 'एक गुप्तहेर आणलाय. पंखा म्हणून उत्तम आहे.'

पलीकडून एक लांबलचक 'हाहाहा' आलं. थरथरत्या हाताने 'हा' इतक्या वेळा दाबणं सोपं नसावं. त्यापाठोपाठ, 'भाची आली. निघतो. बंद करतोय.'

'कर,' तारमास्तरांनी लिहिलं.

बेटकरांची रेघ आणखी थोडी खाली सरकली, तशीच सरळ, आणि संपली. तारमास्तर पडद्यावरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. सूनबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर आपल्या पेशंटला घेऊन पाय न वाजवता वर गेले.

भावोजींचा हात मात्र चालूच होता. बस म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.