वामनभाऊंची पांढरी गाडी

वामनभाऊ गाडी धुवायच्या आधी बॉनेटवर तळहात ठेवतात आणि डोळे मिटून उभे राहतात. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर आई हात ठेवते ना, अगदी तसा. हाताला चटका बसला की भरलेली बादली तशीच परत जाते. "अंगात ताप हाये तिच्या. संध्याकाळी पाहू."

आता आमच्या गोंडपिपरीत मे महिन्यात ताप कोणाच्या अंगात नसतो? पण हे भाऊंना सांगणार कोण! तीस वर्षं वनखात्याची जीप चालवून निवृत्त झालेला माणूस. उन्हाळ्यात लोक दारापुढे हिरव्या फांद्यांचा मांडव घालतात तो माणसांसाठी. भाऊंनी घातला तो गाडीसाठी. स्वतः टिनाखाली भाजत बसतात.

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. उन्हात वाळलं की पांढरे डाग सोडतं. म्हणून पहाटे पाचला, एकेक भाग धुवायचा आणि वाळायच्या आत जुन्या धोतराच्या फडक्यानं टिपायचा. आधी छत, मग काचा, दारं, शेवटी चाकं. "पानी पळून जाते गुरुजी, त्याले आधी पकडा लागते," हे मी हजारदा ऐकलंय.

मी गाडी घेतली तेव्हा हौसेनं भर दुपारी धुवायला काढली. भाऊ अनवाणी धावत आले. "तापल्या तव्यावर पानी टाकून राह्यले का? शाळेत काय शिकवता बाप्पा पोरायले?" तोवर डाग पडायचे ते पडलेच. पुढचे आठ दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून ते माझी गाडी दाखवत होते.

असा हा खडूस माणूस. पण माझ्या पल्लवीला गाडी शिकवली ती त्यांनीच. मी मागे बसायला गेलो तर म्हणाले, "तुम्ही घरी राहा गुरुजी. तुमचं तोंड पाहून पोरगी ब्रेक दाबते."

त्याच पल्लवीला यंदा सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीत डंपर चालवायची नोकरी लागली. डंपरचं चाकच तिच्या डोक्याच्या वर जातं! भाऊंनी ही बातमी बाजारात इतक्या जणांना सांगितली की लोक पेढे मागायला माझ्याआधी त्यांच्या दारात गेले. मला थोडा राग आला खरा, पण छाती फुगली होती ती दोघांचीही.

रुजू व्हायच्या दिवशी भाऊच तिला पोचवणार होते. पाचच्या आत हजर व्हायचं, म्हणून दहाला निघायचं ठरलं. गल्लीतल्या बायांनी पल्लवीला ओवाळलं, गाडीलाही हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी दारावर उडालं.

"थांबा," भाऊ म्हणाले आणि बादली घेऊन आले. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांच्या उन्हात! आम्ही बघतच राहिलो.

"काऊन भाऊ? तिकडच्या लाल धुळीनं एटापल्ली यायच्या आधीच रंगून जाईल गाडी," मी म्हणालो.

"रंगू द्या. इथून तं चकाचक निघाली पायजे."

त्या उन्हात पाणी टिकतंय कुठे? फडकं पोचायच्या आत दार कोरडं व्हायचं. तरी भाऊ पुसतच होते. एकच दार, पुन्हा पुन्हा. साडेदहा झाले, अकरा झाले. माझी चुळबुळ सुरू झाली.

पल्लवी जवळ गेली. "काकाजी, वाळली नं गाडी."

"नाई व. ओली हाये अजून."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भाऊंची बायको जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. त्या घरात रोज संध्याकाळी हसण्याबोलण्याचा आवाज व्हायचा तो माझ्या पोरीचाच. गाडी वाळली म्हटलं की तिला घेऊन निघावं लागणार होतं. मला स्वतःच्या घाईची लाज वाटली.

पल्लवीनं बादलीवरचं दुसरं फडकं उचललं आणि पलीकडचं कोरडं दार पुसायला लागली. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं.

थोड्या वेळानं भाऊंनी हातातलं फडकं पिळलं. त्यातून थेंबही पडला नाही. त्यांनी ते नीट घडी करून खांद्यावर टाकलं, खिशातून किल्ली काढली आणि पल्लवीच्या हातात दिली.

"चाल, उशीर होते. तूच चालव," ते म्हणाले, आणि स्वतःच्या गाडीत पहिल्यांदाच मागच्या सीटवर जाऊन बसले.