खुर्चीखाली दाजी

दाजी परब कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करतात. खुर्ची कुणाची, घर कुणाचं, प्रसंग कुठला, हे गौण. चष्मा कपाळावर चढवायचा, खुर्ची पालथी करायची, बोटाने चारही सांधे चाचपायचे आणि मग सरळ करून बसायचं. किंवा बसायचं नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, "वर सगळीच बरी दिसतत. खाल बघूक व्हया."

लालबागच्या आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत राहतात. वय बहात्तर. परळच्या एका कापड गिरणीच्या सुतारखात्यात सव्वीस वर्षं होते. गिरणी बंद पडल्यावर कुठेच नव्हते. काकी जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी पनवेलला असते, रविवारी फोन करते.

माझ्या भावाच्या लग्नात स्टेजवर वधूवरांसाठी लाल मखमलीची दोन सिंहासनं ठेवली होती. मंगलाष्टकं चालू असताना दाजींनी त्यातलं एक उलटं केलं. व्हिडिओत ते स्पष्ट दिसतं. खाली नुसती फळकुटं बारीक चुकांनी, खिळ्यांनी ठोकलेली होती. "लग्न टिकात," दाजींनी जाहीर केलं, "खुर्ची टिकाची नाय." लग्न टिकलं आहे. खुर्ची दुसरी पंगत बसायच्या आत गेली. वर आमचे मामा होते.

एकदा गुडघा दाखवायला मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं. दाजी म्हणाले, "तुमच्या स्टुलाचो एक पाय आखूड आसा." डॉक्टर म्हणाले, तरीच वर्षभर माझी कंबर दुखतेय. दाजींनी स्वतःच्या केसपेपरची घडी घालून ती स्टुलाखाली सरकवली. मग आम्हाला नवा केसपेपर काढावा लागला. गुडघ्याचा विषय राहिलाच.

माझं ऑफिस त्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत आहे. आवारात दोन जुन्या शेड शिल्लक आहेत. गेल्या हिवाळ्यात तिथे शहरातल्या कारागिरांचा आणि डिझायनर लोकांचा उत्सव भरला. मला दोन पास मिळाले. नवऱ्याची मॅच होती. मी दाजींना विचारलं. ते चार दिवस "बघूया" म्हणत राहिले आणि पाचव्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले.

गेटवर नकाशा मिळाला. तो त्यांनी माझ्याकडे दिला आणि सरळ चालू लागले. दुसऱ्या शेडमध्ये कॉफीच्या काउंटरसमोर थांबले.

"हयसर आमचा सुतारखाता," ते म्हणाले.

आता यांचा गळा दाटून येणार, असं मला वाटलं. मी हळूच विचारलं, "कॉफी घेणार?"

"साखर कमी सांग."

कॉफी पिऊन आम्ही फिरलो. विणकर होते, कुंभार होते, दिवे बनवणारे होते. एका मडक्याच्या कार्डावर लिहिलं होतं की हे मडकं पाहणाऱ्याशी संवाद साधतं. दाजी बराच वेळ थांबले. मडकं काही बोललं नाही. आम्ही पुढे गेलो.

मग ती खुर्ची आली. वीतभर उंच चौथरा, भोवती दोरी, बाजूला 'कृपया स्पर्श करू नये'. कार्डावर मजकूर होता: जुन्या सागवानी तुळयांपासून बनवलेली, एकही खिळा नाही, एकही स्क्रू नाही. दाजींनी ते दोनदा वाचलं. हात लावायचा नाही, हे त्यांनी मान्य केलं. हात पाठीमागे बांधले. मग सोडले, जमिनीवर उताणे झाले आणि दोरीखालून सरकत डोकं खुर्चीखाली नेलं.

सिक्युरिटीवाला धावत आला. "अंकल, क्या कर रहे हो?"

"देख रहा है," खालून आवाज आला. "हात नहीं लगाया."

ही खुर्ची अशीच बघायची असते असं समजून एक जोडपं पलीकडून आडवं झालं. त्यांचं बघून आणखी तिघं. एक बाई फोटो काढत म्हणाल्या, किती वेगळा अनुभव आहे हा. सिक्युरिटीवाल्याला काही सुचेना. त्याने लाइन लावली.

तेवढ्यात खुर्ची बनवणारी मुलगी धावत आली. रेवा तिचं नाव. सव्वीस-सत्तावीसची असेल, अंगठ्याला पट्टी. दाजी कपडे झटकत उठले. मी मनाची तयारी केली, कारण दाजींचं मत तीन माळे ऐकू जातं. पण ते तिला आग विझवायच्या नळकांड्यापाशी घेऊन गेले आणि मी कधी ऐकला नव्हता अशा हळू आवाजात म्हणाले, "मागच्या डाव्या पायाला स्क्रू आहे. वरून भुसा आणि गोंद भरलाय. काम साफ आहे. पण स्क्रू आहे."

मुलगी पांढरी पडली. "टेम्पोत पाय लूज झाला, काका. मी घाबरले. उद्या अकराला स्पर्धेचे जज येणार आहेत. मी कार्ड काढून टाकते."

"कार्ड कशाला काढतेस? स्क्रू काढ."

"आणि सांधा?"

"तो करायचा. पटाशी आहे ना? उद्या नऊला येतो."

दुसऱ्या दिवशी ते जमिनीवर मांडी घालून बसले. पटाशीला त्यांनी एकदाही हात लावला नाही. सगळं तिच्याकडून करवून घेतलं. खाचेत बसणारी जीभ पहिल्यांदा बारीक झाली. "परत." दुसऱ्यांदा तिरकी गेली. "परत." तिसऱ्यांदा चिरली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझा पहिला सांधा मुकादमाने चहाच्या शेगडीत घातला होता," दाजी म्हणाले. "माझ्यासमोर. त्यावर झालेला चहा मलाच प्यायला लावला. तू पाणी पी, आणि परत."

अकराला दहा कमी असताना चौथा तुकडा लाकडी हातोडीच्या दोन ठोक्यांत आत गेला. दाजींनी अंगठा फिरवला. "बसला."

जज आले. त्यांनी खुर्ची वरूनच पाहिली आणि गेले. बक्षीस एका दिव्याला मिळालं. दाजी तो दिवा बघून आले. "बरो आसा," मला म्हणाले. "पण त्येच्यार बसाक येना नाय."

निघताना रेवा म्हणाली, "काका, सोमवारी वडाळ्याला माझ्या वर्कशॉपला याल? अशा सहा खुर्च्या करायच्यात. दहा वाजता?"

"बघतो," दाजी म्हणाले.

परतताना आम्ही पूल चढलो. वर पोचल्यावर दाजी एकदम म्हणाले, "शुभा, गिरणी बंद झाली त्या दिवशी गेटार सांगितल्यानी, उद्यापासून येव नको. मी दुसऱ्या दिवशी गेलंय. तिसऱ्या दिवशीव गेलंय. म्हयनोभर डबो घेऊन जाय होतंय. घरात सांगूक जमला नाय."

"मग डबा कुठे खायचात?"

"भायखळ्याक, बागेत." एवढं बोलून ते पूल उतरायला लागले.

सोमवारी सकाळी सातला दार वाजलं. दाजी हातात झारा घेऊन उभे.

"शुभा, ती पोर मासे खाता काय गे?"

"मला काय माहीत? फोन करून विचारू?"

"नको. झोपली आसात." ते आपल्या खोलीत परत गेले. थोड्या वेळाने दुसऱ्या फोडणीचा वास आला.

आठ वाजता खोलीला कुलूप लावून ते निघाले. हातात तीन डबे.

"एकात बांगडो आसा, एकात उसळ," मला म्हणाले. "काय खाता ता बघू."

"आणि तिसऱ्यात?"

"तो माझो. मी दोन्ही खातंय."

जिना उतरताना त्यांनी डबे छातीशी धरले होते. वडाळा आमच्याकडून वीस मिनिटांवर आहे. तिने दहाला बोलावलं होतं.