भाकरीसाहेब

सबनीस नमस्कार करायच्या आधी समोरच्याच्या डब्याचं झाकण उघडायचे. परवानगी विचारायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. वास घ्यायचा, बोटानं चटणी चाखायची आणि म्हणायचं, "छान. पण हे आलं कुठून?"

"बायकोनं दिलं," एवढ्यावर सुटका नसे. बाजरी कुणाच्या शेतातली, तेल कुठल्या घाण्याचं, सगळं सांगावं लागे. आमच्या फोरमनच्या मुलीच्या लग्नात त्यांनी पंगतीत गुळाची अशी चौकशी लावली की फोरमन पाहुणे सोडून वाण्याला शोधायला गेला.

पुण्यातल्या एका संस्थेनं त्यांना पिंपरीला आमच्या कंपनीत पाठवलं होतं. कामगार काय खातात आणि जवळच्या शेतातलं धान्य इथंच खपलं तर काय होईल, याचा अभ्यास करायला. एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. रेशनवर बोटीनं आलेला गहू मिळायचा, आणि कॅन्टीनमध्ये उसळीबरोबर पाव.

सबनीसांना बसवत नसे. जेवतानाही ताट हातात घेऊन खिडकीपाशी फेऱ्या, आणि मला म्हणायचे,

"निवृत्तीराव, भिंतीपलीकडे बघा. बाजरी उभी आहे. ती ट्रकनं जाते पुण्याला, आणि तुम्ही समुद्रापलीकडचा गहू खाता. डोकं ठिकाणावर आहे का आपलं?"

"साहेब, आधी बसा तरी."

"बसून काय होणार, राव?"

आम्ही त्यांना भाकरीसाहेब म्हणायचो. अजूनही जुने लोक भेटले की हसून सांगतात, भाकरीसाहेबाची भाकरी कुणी खाल्ली नाही. हे खोटं आहे. मी तिथं होतो.

मागे लागून लागून त्यांनी मॅनेजरकडून एक दिवस मिळवला होता. त्या दिवशी पावाऐवजी बाजरीची भाकरी. कामगारांनी पसंत केली, तर कंपनी आसपासच्या गावांतून बाजरी घेणार. नाही केली, तर संस्था त्यांचं काम बंद करणार. भाकऱ्या थापायला आमच्या पिंपळे गुरव गावच्या बायका आल्या, त्यांच्यात सगळ्यांत पुढं माझी आई. सबनीस चुलींमधून असे फिरत होते की आई म्हणाली, "सायेब, एका जागी ऱ्हावा, न्हाईतर तुमालाच थापीन."

भाकरी, झुणका, कांदा. कॅन्टीनमधली बडबड बंद पडली. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. कुणाच्या ताटात तुकडा उरला नाही.

मग मॅनेजर ऑफिसरांना घेऊन आले. "रोज भाकरी कुणाला हवी? हात वर करा."

घरी आम्ही सगळे भाकरीच खायचो. पण ती घरी. टाय लावलेल्या माणसांसमोर भाकरी मागायची म्हणजे, आम्ही अजून गावचेच, असं सांगण्यासारखं होतं. मी शेजारच्याकडं पाहिलं, त्यानं पुढच्याकडं. एकही हात वर झाला नाही. माझाही नाही. दारात आई पिठाचे हात घेऊन उभी होती.

सबनीसांनी रिकाम्या ताटांवरून नजर फिरवली, मग माझ्याकडं पाहिलं. 'ही ताटं बघा' एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं. ते मॅनेजरना म्हणाले, "नको आहे त्यांना. ठीक आहे."

बाहेर मी त्यांना गाठलं. "साहेब, बोलला का नाहीत?"

"तुम्हा सगळ्यांना साहेबासमोर खोटं पाडू?" मग म्हणाले, "रविवारी तुमच्याकडे जेवायला येऊ का? अभ्यासाला नाही, असंच. सोमवारी खोली सोडतोय. डबे पुष्कळ उघडले इथं. कुणाच्या घरी पाटावर बसलो नाही."

"या की," मी म्हणालो.

आणि रविवारी ओव्हरटाइमला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, मीच मागून घेतला. त्यांच्यासमोर बसून भाकरी मोडायचं धाडस मला झालं नाही.

अंधार पडता घरी आलो तर आईनं माझ्याकडं न बघताच सांगितलं. सबनीस दुपारीच आले होते. ऊन उतरेपर्यंत ओट्यावर बसून राहिले. आई सारखी विचारत होती, वाढू का. "निवृत्तीराव येऊ देत, बरोबर बसू," म्हणायचे. शेवटी तसेच उठून बस धरायला गेले.

चुलीपाशी दोन ताटं वाढून झाकून ठेवली होती. आईनं त्यातलं एक माझ्यापुढं सरकवलं. दुसरं तिनं तसंच राहू दिलं.