ओटीसंबंधी सविस्तर खुलासा

शिवलेली नऊवारी ही साडी समजावी की विजार, हा प्रश्न ठाकुरद्वारच्या त्रिलोकेकरांच्या घरी सकाळच्या चहाबरोबर निघाला आणि दुपारची जेवणे आटोपली तरी सुटला नव्हता. जगातल्या प्रत्येक वस्तूला सीमाशुल्काच्या पुस्तकात एक आकडा नेमून दिलेला असतो आणि त्या आकड्यावरून जकात ठरते. ते पुस्तक रचणाऱ्यांनी माणसाच्या केसांपासून कासवाच्या कवचापर्यंत सगळ्यांची सोय लावली होती. परंतु समोरून साडी, मागून विजार आणि कमरेला चेन असे एखादे वस्त्र पृथ्वीवर असेल, अशी शंका त्या विद्वानांना आली नव्हती.

घरातले वडील मनमोहनराव त्रिलोकेकर यांना हा प्रश्न मनापासून आवडला. त्यांची उभी हयात फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या कचेरीत मसुदे लिहिण्यात गेली होती. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या इंग्रजी अर्ज लिहिण्याची परंपरा होती आणि त्या अर्जांना साहेबाने उत्तर दिल्याची एकही नोंद नव्हती. निवृत्तीनंतर तर त्यांना कुणी काही विचारीतच नसे. विचारलेच, तर उत्तर ऐकायला थांबत नसे. अशा माणसाच्या सुनेने ऑस्ट्रेलियाला माल पाठवायचे ठरवावे, ही त्यांना आयुष्याने उशिरा का होईना दिलेली बढती वाटली.

सून अनुजा परळच्या एका विमा कंपनीत नोकरीला होती. लालबागच्या दोन शिंप्यांना हाताशी धरून ती शिवलेल्या नऊवारी इंटरनेटवर विकत असे. मेलबर्नच्या महाराष्ट्र मंडळाच्या ऋग्वेदा नावाच्या उत्साही बाईने मंगळागौरीच्या खेळांसाठी एकदम चोवीस साड्यांची मागणी नोंदवली, तेव्हा अनुजाने नोकरीचा राजीनामा टाकला. महिनाअखेरपर्यंत तो मागे घेता येणार होता. साड्या श्रावणातल्या तिसऱ्या मंगळवारच्या आत पोहोचल्या तर धंदा, नाही तर पुन्हा विमा, असा सरळ हिशेब होता.

"दोन पाय वेगवेगळे झाकते ती विजार," मनमोहनरावांनी संध्याकाळी निकाल दिला.

"म्हणजे माझी आजी जन्मभर विजार नेसून देवळात गेली म्हणायची?" त्यांच्या पत्नी नलूताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

या आक्षेपाला कायद्यात उत्तर नव्हते. शेवटी अनुजाने सगळ्यांना ऐकू जाईल असा, स्पीकरवर, हितेंद्रला फोन केला. शिवडीला त्याची कुरिअरची कचेरी होती आणि परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रे तो करीत असे. त्याने एका दमात सांगितले, "वुमेन्स ड्रेस लिहा, कॉटन. सगळे तेच लिहितात. जास्त डोकं नाय लावायचं, काका." मनमोहनरावांना हे उत्तर इतके अशिष्ट वाटले की त्यांनी त्या रात्री भात कमी खाल्ला.

पेटी भरण्याचा दिवस घरात लग्नासारखा गेला. अनुजाचा नवरा अभिषेक कचेरीतून लवकर आला, शेजारणी साड्या बघून गेल्या. चोवीस घड्या पलंगावर मांडल्या गेल्या आणि मनमोहनरावांनी 'आतील माल मी जातीने तपासला आहे' या मजकुराखाली सही केली. तपासला म्हणजे त्यांनी घड्या मोजल्या होत्या. चोवीस परस्त्रियांची वस्त्रे उलगडून पाहणे त्यांच्या संस्कारात बसणारे नव्हते.

ते संस्कार नलूताईंना पुरते ठाऊक होते. सवाष्णीला साडी पाठवायची आणि ओटी पाठवायची नाही, हे त्यांच्या स्वतःच्या संस्कारात बसणारे नव्हते. त्यांनी आदल्या दुपारीच प्रत्येक घडीच्या आत, पदराच्या दुमडीत, एकेक पुडी सरकवून ठेवली होती. पुडीत मूठभर तांदूळ, एक सुपारी, एक हळकुंड. पेटीच्या तळाशी सगळ्या जणींत मिळून एक नारळ, शेंडीसकट. वजन थोडे जास्त भरले तेव्हा हितेंद्र म्हणाला, जरीचे असेल.

पाचव्या दिवशी मेलबर्नहून ईमेल आले. परक्या बिया आणि किडी देशात शिरू न देणाऱ्या तिकडच्या विलगीकरण खात्याच्या क्ष-किरण यंत्राने पेटीत चोवीस गाठोडी आणि एक गोल, केसाळ वस्तू पाहिली होती. कपड्यांच्या पेटीत न सांगता वनस्पतिजन्य पदार्थ आढळला असून तो खाद्यपदार्थ आहे, बियाणे आहे की अन्य काही, एवढेच खात्याने विचारले होते. खाली एक चौकोन होता: आक्षेपार्ह पदार्थ नष्ट करून उरलेला माल पुढे पाठवण्यास संमती आहे का?

अनुजाने सासूकडे पाहिले. नलूताईंनी अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. "मग काय, मुलींना मोकळ्या पदरानं साडी पाठवू? मंगळागौरीला?"

"आई, तिकडे तांदळाचा दाणासुद्धा चालत नाही."

"भात खातातच ना तिथले लोक?"

अनुजा तो चौकोन भरायला गेली, पण सासऱ्यांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढून घेतला होता. त्यांचा चेहरा उजळला होता. एका सार्वभौम राष्ट्राच्या सरकारने त्यांच्या घराला प्रश्न विचारला होता, लेखी, आणि उत्तराची वाट पाहत होते. त्या प्रश्नावर चौकोनात खूण करणे म्हणजे उच्च न्यायालयाने बाजू मांडायला सांगितल्यावर मान हलवण्यासारखे होते. अनुजाने विरोध करून पाहिला. परंतु त्या घरात मनमोहनरावांना इतके आनंदी कुणी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते, त्यामुळे तो विरोध पुरेसा कडक झाला नाही.

खुलासा चार पानांचा झाला. परिच्छेदांना क्रमांक होते, तळटिपा होत्या. ओटी म्हणजे अन्न नव्हे, कारण ती खाण्यासाठी दिली जात नाही. मात्र नंतर ती शिजवून खातात, हे प्रामाणिकपणे नमूद केले होते. ती बियाणे नव्हे, कारण ती पेरण्यासाठी दिली जात नाही. मात्र नारळ अख्खा, शेंडीचा, रुजण्याजोगाच लागतो आणि त्याला कोंब फुटलाच तर तो अंगणात लावणे शुभ मानतात, हेही लपवले नव्हते. पुडी घडीच्या आत का ठेवतात, बाहेरून ती दिसू का नये, पदराची कोणती दुमडी त्यासाठी पसंत करतात, यावर एक स्वतंत्र, सातवा परिच्छेद होता. खरे बोलणाऱ्या माणसाला भीती नसते, असे मनमोहनरावांचे मत होते. ते मत सरकारी कचेरीच्या आत राहून बनवलेले नसून बाहेरून अर्ज पाठवून बनवलेले होते, हाच काय तो दोष.

खात्याने खुलासा काळजीपूर्वक वाचला, हे दुसऱ्या ईमेलवरून स्पष्ट झाले. नारळ रुजण्याजोगा असून तो लावला जाण्याची शक्यता आपणच कळवली आहे; तरी जिवंत रोप आयात करण्याचा परवाना सादर करावा.

"बाबा, प्लीज आता काही लिहू नका," अनुजा म्हणाली.

"लिहू नका कसं? गैरसमज झालाय त्यांचा. तो तसाच ठेवायचा?"

गैरसमज दूर करण्यासाठी त्यांनी दुसरा खुलासा पाठवला. नारळावरून खात्याचे लक्ष हटावे म्हणून त्यात हळकुंडावर भर दिला होता: ते निरुपद्रवी असून उलट खोकला, मुरगळ व जखम यांवर आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या गुणकारी ठरले आहे. दुसऱ्या दिवशी औषधांचे नियमन पाहणाऱ्या शाखेने विचारणा केली की, रोगनिवारणाचा दावा असलेले हे उत्पादन कुठे नोंदवलेले आहे. तिसऱ्या खुलाशात मनमोहनरावांनी औषधाचा दावा मागे घेऊन सुपारीकडे मोर्चा वळवला. पूजेत सुपारी ही साक्षात गणपती असते, सबब तिचे मोल कोणत्याही चलनात करता येणार नाही, असे त्यांनी लिहिले. हे वाक्य त्यांनी नलूताईंना दोनदा वाचून दाखवले होते. त्यावर मूल्यांकन करणाऱ्या शाखेने कळवले की, ज्या पेटीत अमूल्य वस्तू आहेत तिची किंमत पावतीवर फक्त चोवीस सुती कपड्यांएवढी दाखवली आहे. तरी तफावतीचे कारण द्यावे.

एका नारळाने तीन शाखा कामाला लावल्या होत्या. सरकार हे सर्वत्र एकाच मातीचे बनते; त्याला मौन सोसते, खोटे सोसते, फक्त सविस्तर उत्तर सोसत नाही. मनमोहनराव मात्र पहाटे उठून ईमेल आले का ते पाहत. दाढी रोज करू लागले होते. हितेंद्रचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजातला गुळगुळीतपणा संपला होता. "काका, मी आजवर बॅटऱ्या पाठवल्या, लोणची पाठवली, कुणाच्या तरी पोपटाच्या पिंजऱ्याचं सामान पाठवलं. पण देव म्हणून सुपारी कुणी डिक्लेअर केली नव्हती. आता तुम्ही फक्त झोपा."

तिकडे ऋग्वेदा रोज विचारत होती. मंडळाच्या बायकांनी फुगड्यांचा सराव पंजाबी ड्रेसवर केला होता आणि कुणीतरी भाड्याने घागरे आणण्याची भाषा सुरू केली होती. महिना संपायला आला. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला अनुजाने ताटावर बसल्या बसल्या सांगितले की सोमवारी ती कंपनीत जाऊन राजीनामा मागे घेणार. तिने आवाज चढवला नाही. अभिषेक काही बोलायला गेला, तर तिने त्याला आमटी वाढली.

मनमोहनरावांचा घास हातातच राहिला. आपण सुनेचा धंदा वाचवतो आहोत, अशी त्यांची आजवर प्रामाणिक समजूत होती.

"एक चौकोन होता पहिल्या ईमेलमध्ये," अनुजा म्हणाली. "नष्ट करा आणि बाकीचं पाठवा. अजून चालेल ते. पण आता आईंना विचारल्याशिवाय करणार नाही."

"ओटी जाळून टाका, असं घरच्या सुनेनं लिहून द्यायचं?" मनमोहनराव म्हणाले. "नलू, तूच सांग हिला."

सगळ्यांनी नलूताईंकडे पाहिले. त्या ताक घुसळत होत्या. "अहो, मी ठेवली ना पदरात? त्याच वेळेला पोचली ती. आता मागं उरलेत ते तांदूळ. इतकी वर्षं माझ्या ओटीतल्या नारळाच्या वड्या खाताय, तेव्हा नाही कुठं खुलासा लिहिलात." मग त्या सुनेला म्हणाल्या, "कर गं तू ती खूण. आणि जाळायचे पैसे मागितले तर माझ्याकडून घे."

अनुजाने उजवा हात उष्टाच ठेवून, डाव्या बोटाने, खूण केली. मनमोहनरावांनी खाली दोन ओळी जोडण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

खात्याला बहुधा याच क्षणाची प्रतीक्षा होती. परवाना, औषध, किंमत, सगळ्या शाखा एका खुणेसरशी शांत झाल्या, कारण ज्याविषयी प्रश्न होते ती वस्तूच उरली नव्हती. शनिवारी पेटी सुटली, सोमवारी ऋग्वेदाच्या दारात पोहोचली आणि राजीनामा जिथे होता तिथेच राहिला. मंगळवारी व्हिडिओ आला. चोवीस जणी एका शाळेच्या हॉलमध्ये अशा फुगड्या घालत होत्या की कॅमेरा धरणारीच्या हाताला स्थैर्य नव्हते. नलूताईंनी तो अकरा वेळा पाहिला, शेजारी नेऊन दाखवला. आठवडाभरात सिडनी आणि पर्थहून मागण्या आल्या. अनुजाने लालबागला तिसरा शिंपी पाहिला आणि पेट्या बांधण्याची खोली ठरवली. तिची किल्ली तिने स्वतःच्या मंगळसूत्राजवळ अडकवली, हे सासूच्या नजरेतून सुटले नाही.

घरात आनंद होता. मनमोहनराव तेवढे कोमेजले होते. त्यांचे तीन खुलासे एका खुणेने निरर्थक ठरवले होते. दाढी पुन्हा दिवसाआड होऊ लागली.

भाद्रपदात त्यांच्या नावाने खात्याचे एक पत्र आले. मजकूर सौजन्यपूर्ण होता. कपड्यांच्या पेट्यांत सापडणाऱ्या अशा पुड्यांचे खात्याला बरीच वर्षे कोडे होते. आपल्या खुलाशाने त्यांचे घटक, प्रसंग आणि विशेषतः त्या ठेवण्याच्या जागा प्रथमच स्पष्ट झाल्या. सबब तो तपासनिसांना मार्गदर्शक टिपण म्हणून वाटण्यात आला आहे. आभार. मनमोहनरावांनी पत्र घरात कुणाला दाखवले नाही. आधी त्यांना ते स्वतःच पुरेसे वाचून घ्यायचे होते.

नवरात्रात दादरहून त्यांच्या मावसभावाचा, शामरावांचा, फोन आला. शामरावांची मुलगी ब्रिस्बेनला होती आणि तिच्या डोहाळजेवणासाठी पाठवलेली हिरवी साडी अडकली होती.

"मनू, तू तिकडं काय लिहून दिलंयस?" शामरावांनी नमस्कारही केला नाही. "दहा वर्षं पाठवतोय आम्ही, कुणी हात लावला नव्हता. यंदा तिथल्या तपासनिसानं पेटी उघडली आणि सरळ पदराच्या दुमडीत हात घातला. दुसरीकडे बघितलंसुद्धा नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या तिघींचं तेच झालंय. आणि जप्तीच्या कागदावर कारण छापलंय, पाहा, त्रिलोकेकर, परिच्छेद सात."

पलीकडे शामराव आणखी बरेच काही बोलत होते. मनमोहनराव खुर्चीत हळूहळू ताठ होत गेले. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि टेबलावरची पेन्सिल हातात घेतली.

"सात," ते म्हणाले. "बरोबर. आणि खालची तळटीप छापली आहे, की गाळली?"