टिकल्याचा उपवास

टिकल्या स्वतःच्या पायांनी तिसरा मजला चढेनासा झाला, त्या दिवसापासून घरात त्याच्या बदलीची भाषा सुरू झाली. इमारतीला लिफ्ट नव्हती. दुसऱ्या मजल्यावर तो बसकण मारायचा आणि तिथून पुढे सत्तावीस किलोंचा तो कुत्रा अडुसष्ट वर्षांच्या नानाजींच्या कडेवर बसून घरी यायचा. आठ दिवसांनी नानाजींनी पाठीला बाम चोळून घेता घेता निकाल दिला.

"एक महिना पाहतो. वजन उतरलं तं ठीक, नाही तं रामटेकले, सुशीलच्या वावरात. तिथं जिना नाही."

सुशील हा त्यांचा धाकटा मुलगा. त्याच्या वावरात जागा होती, हवा होती, त्याच्या बायकोचं मनही मोठं होतं. पण थोरल्या सुनेच्या, वैभवीच्या हातातला वरणपोळीचा घास दीड वर्षाच्या चिन्मयीच्या तोंडाशी तसाच थांबला. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं हे गावठी पिल्लू तिनंच लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात नालीतून उचलून आणलं होतं. या घरात तिच्या माहेरचं असं कोणी असेल, तर तो टिकल्याच होता.

डॉक्टर मिनल यांनी टिकल्याला तपासलं आणि माणसांच्या ताटातलं सगळं बंद करायला सांगितलं. कुत्र्यांचं तयार खाणं आणायचं, मापून द्यायचं, महिन्यात निदान दोन किलो उतरवायचे. वैभवी चिन्मयीला कडेवर घेऊन लकडगंजच्या दुकानात गेली. तिथं चाळीसएक पाकिटं रांगेत उभी होती आणि प्रत्येकावरचा कुत्रा तिच्याकडे बघून हसत होता. एका पाकिटात भोपळा होता, एकात जवस, एकात कुठल्या तरी समुद्राचा मासा. ती बारीक अक्षरं वाचायला लागली की चिन्मयी तिचा चष्मा ओढायची. शेवटी दुकानदारच म्हणाला, "मॅडम, ग्रेन-फ्री न्या. धान्याचा एक दाणा नाही. सध्या हेच हेल्दी." वैभवीनं ते घेतलं, कारण तेवढ्यात चिन्मयीनं दुसऱ्या पाकिटाचा कोपरा चावला होता.

खरी अडचण घरी होती. सासूबाई, वच्छलाबाई, दर जेवणाला टिकल्यासाठी चार पोळ्या जास्तीच्या लाटत. नको म्हटलं की त्यांचा चेहरा असा होई, जणू पोळी त्यांच्याच ताटातून काढून घेतली. वैभवीनं रस्त्यातच युक्ती योजली. पाकिटावरच्या कोंबडीच्या चित्रावर बोटं पसरून तिनं घरी येताच त्यांना बाजूचं रताळ्याचं चित्र दाखवलं.

"आई, आता याला धान्य अजिबात चालत नाही. समजा, उपवासच धरला यानं."

वच्छलाबाईंनी लाटणं खाली ठेवलं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, सगळं पाळणारी बाई ती. त्यांनी टिकल्याकडे वेगळ्याच आदरानं पाहिलं. "महिनाभर? अवं बाप्पा. मोठं कडक हाये."

युक्ती लागू पडली. पोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या. चिन्मयीनं खुर्चीवरून खाली टाकलेला घासही टिकल्याच्या आधी वच्छलाबाई झडप घालून उचलू लागल्या. "त्याचा उपवास मोडू नको वं पोट्टे," असं त्या नातीला बजावत. कळमेश्वरच्या कंपनीतून परतलेल्या नवऱ्याला, ऋषिकेशला, वैभवीनं हे सगळं हळू आवाजात सांगितलं, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन ती त्या दिवशी चक्क बसून जेवली.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून साबुदाणा वड्यांचा वास आला. बुधवार होता. बुधवारी घरात कुणाचाच उपवास नसे. पण वडा गरम होता, चिन्मयी झोपली होती, आणि अशा वेळी दीड वर्षाच्या मुलीची आई चौकशी करत बसत नाही. मग भगर झाली, रताळ्याचा कीस झाला, आलूची भाजी तर रोजचीच. राजगिऱ्याच्या लाडवांचा डबाही भराभर रिकामा होऊ लागला. वच्छलाबाईंना वाटे, अंगावर पाजणारी सून खाऊन राहिली, बरं झालं. वैभवीला वाटे, ऋषिकेश डब्यात नेतो.

दुसऱ्या आठवड्यात टिकल्यानं मापातलं अर्धं खाणं वाटीत सोडलं. वैभवीला आनंद झाला. भूक मेली म्हणजे पोट आत जाणार. तिनं माप आणखी कमी केलं, टिकल्यानं त्यातलंही सोडलं. तो मात्र दिसायला काही बारीक होईना. उलट आता पहिल्याच मजल्यावर थांबून तो नानाजींची वाट पाहू लागला.

महिना भरला. ऋषिकेशची कंपनीत दिवसपाळी असल्यामुळं दवाखान्यात वच्छलाबाई सोबत आल्या. वजनाच्या काट्यावर चढायला टिकल्या तयार होईना. शेवटी त्याला धीर यावा म्हणून वच्छलाबाई स्वतःच चढल्या, तेव्हा तो त्यांच्या पायाशी येऊन बसला. दोघांचं मिळून एकोणनव्वद भरलं. डॉक्टरांनी टिकल्याला खाली ओढलं आणि एकट्या वच्छलाबाईंचं वजन वजा केलं.

"अठ्ठावीस किलो दोनशे. वाढलं हो सव्वा किलो."

वैभवीला समोर रामटेकचं वावर दिसू लागलं, त्यात खुंट्याला बांधलेला टिकल्या. ती कशीबशी म्हणाली, "पण डॉक्टर, आता तर मी एकच वाटी देते. तीही तो संपवत नाही."

"आणि बाकी काय खातो?"

"बाकी काही नाही," वच्छलाबाई अभिमानानं म्हणाल्या. "धान्याचा कण लागू दिला नाही मी. उपवासाचंच देऊन राहिली. वडे, भगर, आलू, शेंगदाण्याचं कूट घालून खिचडी. ते पाकिटातलं काय, अदरमधर तोंडात टाकाले. उपवासाच्या खाण्याले कोणी जेवण म्हणते काय? लेकरू दिवसभर उपाशी."

डॉक्टर मिनल तोंडावर रुमाल धरून भिंतीकडे वळल्या. वैभवीला मात्र आपली युक्ती पहिल्यांदा पूर्ण दिसली, आणि तिचे कान लाल झाले.

"आई, माझंच चुकलं. त्या पाकिटात तर कोंबडी पण आहे."

"ते मले पहिल्याच दिवशी दिसलं. तुह्या बोटाइतली बारीक नव्हती ती कोंबडी. म्हटलं, कुत्र्याले चालत असंन." त्या अजून काट्याकडेच पाहत होत्या. "डॉक्टरबाई, माह्यं किती म्हणालात?"

"साठ किलो आठशे."

"मी तं चौसष्ट होती. त्याचा एकट्याचा उपवास बरा नाही दिसत, म्हणून मी बी धरला. पण एक घास मी घेऊ तं तो असा पाहे…"

गुडघ्यांचे डॉक्टर तीन वर्षांपासून वच्छलाबाईंना तीनच किलो उतरवायला सांगत होते.

मिनलबाईंनी समजावलं, की धान्य काही कुत्र्याचा वैरी नाही. खाणं त्याच्या वयाचं हवं, पूर्ण आणि समतोल हवं, आणि त्यावर दुसरं काही नको. त्यांनी नवं पाकीट सुचवलं. वच्छलाबाईंनी चष्मा पुसून त्यावरची अक्षरं एकेक करून वाचली. "तांदूळ. मका. म्हणजे हे जेवण झालं?"

"पूर्ण जेवण."

"मंग पहिलेच सांगा लागत होतं वं वैभवी. जेवलेल्याले मी काहून देऊ?"

इमारतीखाली नानाजी चिन्मयीला खेळवत, कानाला फोन लावून उभे होते. वैभवीनं खालमानेनं आकडा सांगितला. नानाजींनी मान हलवली, आणि तेवढ्यात त्यांचं लक्ष जिन्याकडे गेलं. एरवी प्रत्येक मजल्यावर दम खाणाऱ्या वच्छलाबाई चिन्मयीला कडेवर घेऊन सरसर चढत गेल्या होत्या. वरून आवाजही आला, "या ना आता, चहा ठेवते."

नानाजी बराच वेळ वर पाहत राहिले. मग फोनमध्ये म्हणाले, "नाही येत बा तो, सुशील. त्याचं इथं व्रत सुरू हाये. फळ मिळून राहिलं."

वैभवीनं डोळे पुसले आणि टिकल्याला पुढे घातलं. पहिल्या मजल्यावर तो नेहमीप्रमाणे थांबला. त्यानं वैभवीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ मागं वळून त्यानं पाठोपाठ चढणाऱ्या नानाजींच्या सदऱ्याच्या खिशात नाक घातलं. खिसा राजगिऱ्याच्या लाडवानं फुगला होता.

"नानाजी?"

"मजल्यामागं एक," नानाजी खिसा दाबत म्हणाले. "त्याच्याबिगर चढतच नाही तो." सून अजून बघतेच आहे हे पाहून त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

"उपवासाचाच हाये वं."